उरलेला सूर

मी दाढीला शनिवारी संध्याकाळी जातो. शनिवारी डोक्याला हत्यार लावू नये असं मानणारी मंडळी आमच्या कुडव्यात अजून पुष्कळ आहेत, त्यामुळे त्या दिवशी नाक्यावरच्या सलूनमध्ये रांग नसते. बाक मात्र भरलेला असतो. त्यावर बसलेल्यांपैकी एकालाही दाढी करायची नसते.

गालावर ब्रश फिरवत सलूनवाले भाऊ म्हणतात, "काल रात्री लय थंडी पडली जी."

बाकाच्या भिंतीकडच्या टोकावरून आवाज येतो, "...थंडी पडली जी."

"धानाले भाव काही भेटून नाही रायला."

"...नाही रायला."

"अन् गाडी दोन घंटे लेट."

"...दोन घंटे लेट."

हे मामाजी. कुणाचे मामा ते कुणाला ठाऊक नाही, सगळ्यांचेच आहेत. पोवाड्यात शाहिराच्या पाठीमागे उभं राहून 'जी जी' करत जे शेवटचे शब्द उचलतात त्यांना झीलकरी म्हणतात. पोवाडा संपला की झीलकरी घरी जातात आणि माणसासारखे बोलू लागतात. मामाजींचा पोवाडा संपतच नाही. समोरच्यानं वाक्य सोडलं की त्याची शेपटी ते हवेतल्या हवेत धरतात, आणि अशी धरतात की सोडणाऱ्याला वाटावं, आपण काहीतरी मोलाचं बोललो. सलूनमध्ये राजकारणावर बोलणाऱ्या दोन परस्परविरोधी माणसांना मामाजी आपल्याच बाजूचे वाटतात, ते यामुळेच.

ही सवय त्यांना पोटापाण्याच्या उद्योगानं लावली. उभा जन्म त्यांनी गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये काट्यावर काढला. हमालानं पोतं टाकून आकडा ओरडायचा, मामाजींनी तोच आकडा पुन्हा म्हणायचा आणि वहीत मांडायचा. "सत्तावीस!" "...सत्तावीस." "अठ्ठावीस!" "...अठ्ठावीस." चाळीसेक वर्षं असं केल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? घरी मामीजी बोलतात आणि मामाजी दुजोरा देतात. संसार सुरळीत चालला आहे, असं सगळे म्हणतात. अडचण फक्त प्रश्नांची. मामीजींनी विचारलं, "आज भाजी कोनती आनू?" की मामाजी म्हणतात, "...कोनती आनू?" आणि मामीजी पिशवी घेऊन एकट्याच बाजाराला जातात.

अंगानं ते किडकिडीत. दसऱ्याला गळ्यात बांधलेला मफलर होळीला उतरतो. सदऱ्याच्या उजव्या खिशात भगव्या दोरीनं जोडलेले टाळ कायम असतात, त्यामुळे त्यांचा प्रत्येक सदरा उजवीकडे चार बोटं लांब झाला आहे. लाँड्रीवाला खुणेशिवाय त्यांचे सदरे ओळखतो. रस्त्यानं चालताना टाळ एकमेकांवर हलकेच आपटतात. कुडव्यातली कुत्री त्या आवाजाला सरावलेली आहेत. भुंकत नाहीत, बाजूला होतात.

आमचा मुलूख भजनाचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला आणि खंजिरीवर भजनं म्हणत सारा विदर्भ पालथा घातला. तेव्हापासून इकडच्या गावांतून सायंप्रार्थना आणि खंजिरी यांचा आवाज हटला नाही. शिवाय भाऊबीज झाली की मंडई, मंडईत दंडार, खडी गंमत, आणि थंडीभर झाडीपट्टीची रात्र-रात्र चालणारी नाटकं. इथे ज्याला गाता येत नाही त्याला निदान मागून म्हणता येतं. मामाजी या दुसऱ्या पंथाचे महंत.

त्यांना तीनशेच्या वर भजनांची धृपदं पाठ आहेत. अंतरा मात्र एकाचाही येत नाही. हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. मी विचारून पाहिलं आहे. अंतरा चालू असतो तेव्हा ते कामात असतात. तबलजीच्या मागची चादर सरळ करतात, चहा कुठवर आला ते बघतात, माइकचा नट पिळतात, आणि बुवा कुठल्या शब्दावर खाली आले ते शेजाऱ्याच्या कानात सांगतात. "अंतरा थकवते जी मानसाले," असं त्यांचं म्हणणं. बुवा अंतऱ्याचं वळण घेऊन समेच्या दिशेनं निघाले की मामाजींची मान ताठ होते, डोळे मिटतात, आणि धृपद असं काही उचललं जातं की जणू वरच्या दोन ओळी बुवांनी फक्त त्यांना वाट करून देण्यासाठीच म्हटल्या. लग्नातही तसंच. मंगलाष्टकाचा सगळा श्लोक दुसऱ्यांनी म्हणावा, 'सावधान' मामाजींचं. त्यांच्या 'सावधान'नं दचकलेला एक नवरदेव माझ्या परिचयाचा आहे.

एकदाच त्यांच्यावर पुढे बसायची पाळी आली. गणपतीत ऐन भजनाच्या वेळी बुवांचा आवाज बसला आणि खंजिरी मामाजींच्या हातात आली. मामाजींनी धृपद म्हटलं. मागच्यांनी म्हटलं. आता अंतरा. मामाजींनी पुन्हा धृपद म्हटलं, जरा हळू. मग पुन्हा, जरा मोठ्यानं. सोळा वेळा झालं. सहाव्या वेळेपासून लोकांनी हा नामजप आहे असं समजून डोळे मिटले होते. शेवटी एका सद्गृहस्थानं डोळे पुसत एकावन्न रुपये ठेवले. मामाजी घरी गेले आणि दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत.

शनिवारच्या बाकावर त्यांच्याखेरीज आणखी दोघं. एक रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब. यांनी जन्मभर मालगाडीच्या शेपटाला बसून प्रवास केला, आणि कोळशाच्या अठ्ठावन्न डब्यांचा खडखडाट बहुधा त्यांच्या छातीतच उतरून राहिला. ते 'नमस्कार' म्हणाले तरी समोरच्या फळीवरचा पावडरीचा डबा सरकतो. दुसरा समोरचा पानठेलेवाला. त्याचा आवाज सुईसारखा. तो ठेला रस्त्यापलीकडे मोकळा टाकून इथे येतो आणि गिऱ्हाईक आलं की इथूनच ओरडतो, "चुना सोताच लावून घ्या जी!" चौथे भाऊ. चाल त्यांची. हातात वस्तरा असताना ते उत्तम गातात, आणि खुर्चीतला माणूस अर्थातच दाद द्यायला मान हलवत नाही.

आरशाच्या वर संत सेना महाराजांची तसबीर आहे. श्रावण वद्य द्वादशीला, सेना महाराजांच्या पुण्यतिथीला, दुकान बंद. गोष्ट भाऊ प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात: सेनाजी पूजेत गढलेले, इकडे राजाचं बोलावणं, तेव्हा प्रत्यक्ष पांडुरंग सेनाजींचं रूप घेऊन, काखेत धोकटी मारून वाड्यावर गेला आणि राजाची हजामत करून आला. महाराष्ट्रात ही कथा एका बादशहाची म्हणून सांगतात, उत्तरेत बांधवगडच्या राजाची. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबातही सेनाजींचं एक पद आहे, राग धनाश्रीतलं. एवढं सांगून भाऊ विचारतात, "मिश्या ठेवू का काढू?"

तर अशा या सलूनमध्ये माझ्या अमेरिकेतल्या भाच्यानं पाठवलेला व्हिडिओ मी दाखवला, हे सगळं त्याचं फळ. पट्ट्यापट्ट्यांचे कोट आणि गवती हॅट घातलेले चार गोरे. पेटी नाही, तबला नाही. एकानं तोंडाजवळ चकतीएवढी शिट्टी धरून सूर फुंकला, आणि चौघांनी चार निराळ्या सुरांत एकच गाणं म्हटलं. भाच्यानं खाली लिहिलं होतं: 'मामा, याला बार्बरशॉप क्वार्टेट म्हणतात. नीट जमलं तर पाचवा आवाज ऐकू येतो. घाबरू नकोस.'

"याच्यातला न्हावी कोनता?" भाऊंनी पहिला प्रश्न विचारला.

कुणीच नाही, हे सांगताना मला वाईट वाटलं. म्हणून मी जरा इतिहास काढला. जुन्या काळी इंग्लंडात न्हाव्याच्या दुकानात सिटर्न नावाचं तारांचं वाद्य टांगलेलं असे. खोळंबलेल्या गिऱ्हाइकानं ते घ्यावं आणि छेडत बसावं. हे ऐकून भाऊंनी भिंतीवरच्या बंद टीव्हीकडे पाहिलं. मग अमेरिका. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडच्या काळ्या लोकांच्या वस्त्यांत, कोपऱ्या-कोपऱ्यावर आणि सलूनांत, चार पोरं जमली की सूर लावत. लुई आर्मस्ट्राँग पुढे ट्रम्पेटचा बादशहा झाला; तोही लहानपणी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर अशाच चौकडीत गात फिरला होता. पुढे ही तऱ्हा मागे पडली. तेव्हा टल्सा गावचा ओ. सी. कॅश नावाचा एक कराचा वकील आणि त्याचा दोस्त रुपर्ट हॉल यांनी 11 एप्रिल 1938 ला एका क्लबाच्या गच्चीवर मंडळी बोलावली. सव्वीस माणसं आली. त्यांनी संस्था काढली आणि सरकारी खात्यांच्या आद्याक्षरांची टिंगल म्हणून तिला मुद्दाम लांबलचक नाव दिलं: एसपीईबीएसक्यूएसए.

"काही लांब नाही," गार्डसाहेब म्हणाले. रेल्वेतल्या माणसाला आद्याक्षरांनी दबवता येत नाही.

आणि त्याच संस्थेनं 1963 पर्यंत काळ्या माणसांना सभासद करून घेतलं नाही, हेही मी सांगितलं. 1941 साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरच्या हमालांची एक चौकडी तिकडची स्पर्धा जिंकली, तेव्हा पुढच्या फेरीला सेंट लुईसला येऊ नका असं त्यांना कळवण्यात आलं. सलून गप्प झालं. भाऊंनी पट्ट्यावर वस्तरा जरा जास्तच वेळ घासला. "ज्याचं दुकान थोच बाहीर," ते म्हणाले. मामाजींनी या वाक्याची शेपटी धरली नाही. 'स्टेशनवरचे हमाल' या शब्दांपाशीच ते थांबले असावेत.

मग कोण काय गातं ते समजावलं. मुख्य चाल 'लीड'ची, म्हणजे भाऊंची. त्याच्यावर बारीक आवाजात 'टेनर', म्हणजे पानठेला. तळाला 'बेस', म्हणजे गार्डसाहेब. यावर पावडरीचा डबा सरकला. राहिला 'बॅरिटोन'.

"अन् थो का म्हनते?" मामाजींनी विचारलं. त्यांनी सोडलेलं हे पहिलं स्वतंत्र वाक्य. मी ते तारखेसह लिहून ठेवायला हवं होतं.

"तिघांनी आपापले सूर घेतले की जो उरेल तो."

"उरलेला?"

"उरलेला. म्हणून त्याची चाल एकटी ऐकली तर चालच वाटत नाही. कधी वर, कधी खाली, मध्येच उडी. पण तो सूर नसला तर बाकीच्यांच्या मध्ये भोक पडतं."

मामाजी उठून आरशासमोर आले. त्यांनी मफलर सोडला आणि पुन्हा बांधला. लग्नाच्या पंगतीत उरलेल्या पत्रावळीवर बसलेला, जत्रेच्या जीपमध्ये टपाच्या कडेला उरलेली जागा धरलेला, वर्तमानपत्राचं फक्त निविदांचं पान वाट्याला आलेला हा माणूस. अमेरिकेसारख्या देशात उरलेल्यासाठी वेगळं नाव आहे, हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते वर्णन करण्याच्या भरीस मी पडत नाही. पाचव्या आवाजाबद्दल मी पुढे सांगत होतो, ते त्यांनी ऐकलंच नाही. आरशातल्या स्वतःला त्यांनी एकदा हळूच विचारलं, "बॅरिटोन?" आणि आरशातल्यानंही, सवयीनं, तोच शब्द उचलला.

पुढच्या शनिवारपासून तालीम. इंग्रजी गाणं अर्थातच नाही, नुसता आकार. भाऊंनी सा घ्यायचा, गार्डसाहेबांनी खालचा सा, पानठेल्यानं वरून पंचम. उरला गंधार. कागदावर याहून सोपं काही नाही. पण आपल्याकडे चार माणसं एकत्र गाऊ लागली की चौघांची धाव एकाच सुराकडे असते. दुसऱ्यानं वेगळा सूर लावला तर आपण त्याला सावरायला जातो. त्यातून मामाजी. भाऊंचा सा कानावर पडला रे पडला की मामाजींच्या गळ्यातून सा. "गंधार, मामाजी, गंधार!" मी खुर्चीतून ओरडायचो. "...गंधार," मामाजी म्हणायचे, सा मध्ये.

पहिल्या शनिवारी असं झालं. दुसऱ्या शनिवारी त्यांनी कानात कापूस घातला. त्यामुळे त्यांना सुरू कधी करायचं तेच कळेना, आणि तिघं थांबल्यावर त्यांचा एकट्याचा आवाज बाहेर पडला, तोही सा. तिसऱ्या शनिवारी ते सकाळपासून घरी फक्त गंधार धरून बसले होते. मामीजींनी दुपारी त्यांना वाफारा दिला. त्या संध्याकाळी मामाजी गंधार लावत आले, नाक्यावर ट्रकनं हॉर्न दिला, आणि दारात शिरले ते हॉर्नच्या सुरात.

मात्र टीका जोरात. ज्याला स्वतःचा सूर सापडत नाही त्याला दुसऱ्याचे सूर किती स्पष्ट दिसतात! भाऊंचा सा 'जरासा चढला', गार्डसाहेबांचा 'गाडीसारखा डुलते', पानठेल्याच्या पंचमात 'सुपारी अडकली'. त्या तिघांनी हे ऐकून घेतलं, कारण मामाजींचं म्हणणं दर वेळी खरं निघायचं. मामाजींचा कान लाखाचा आहे. गोची अशी की त्यांचा गळा त्यांच्या कानाच्या ताब्यात नव्हता, पुढच्या माणसाच्या गळ्याच्या ताब्यात होता.

चौथा शनिवार. माझा उजवा गाल झालेला, डावा फेसाखाली. अचानक लाइट गेली. पंखा थांबला, कोपऱ्यातल्या पोराचा ट्रिमर थांबला, ठेल्यावरचा एफएम थांबला. दूर मालगाडी गेली आणि मग ती शांतताही पुरी झाली. भाऊंनी वस्तरा माझ्या गळ्यापाशी आणून ठेवला होता. अंधारात हलवायचा नाही म्हणून तसाच धरला, आणि हात रिकामा नसला की करायचं तेच केलं: आकार लावला. खालून गार्डसाहेब आले. वरून पानठेला.

मामाजी त्या वेळी वाकून बाकाखाली चाचपडत होते. त्यांच्या खिशातले टाळ घरंगळले होते. भाऊंनी सुरुवात कधी केली हे त्यांना कळलंच नाही. टाळ हाताला लागला आणि तो बाकाच्या पायावर किणकिणला. आता तो टाळ गंधाराचा होता म्हणा, किंवा सेनाजींची कृपा म्हणा. मामाजींनी नेहमीप्रमाणे ऐकलं ते उचललं. पण आज त्यांनी माणसाचं न ऐकता टाळाचं ऐकलं होतं.

गंधार बसला.

आधी शटरचा पत्रा थरथरला. मग कंगव्यांच्या ग्लासात कंगवे कुरकुरले. आणि मग आमच्या डोक्यांच्या वर, छताच्या थोडं खाली, चौघांपैकी कुणाचाच नसलेला एक बारीक, लांबट सूर उभा राहिला. तो किती वेळ होता ते सांगता येणार नाही. मी श्वास घेत नव्हतो, एक तर त्या सुरामुळे आणि दुसरं म्हणजे वस्तऱ्यामुळे. भाऊ आपला सा धरून वर बघत होते. गार्डसाहेबांनी टोपी काढली.

मामाजींनी सर्वांत आधी तोंड मिटलं. तो सूर विझला.

"कोन होय थो?" मामाजी कडाडले.

कुणी बोलेना.

"पाचवा कोन होय? चौघांचं ठरलं होतं ना जी? दार बंद नाही केलं का कोनी?" त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला. बाकाखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, ट्रिमरवाल्या पोराच्या तोंडावर उजेड मारून त्याच्याकडून शपथ घेतली. शटर उचलून बाहेर पाहिलं; ठेल्यावर एक गिऱ्हाईक स्वतःच चुना लावून घेत होतं. त्यालाही विचारून आले.

मी बोलायला तोंड उघडलं. तंबोऱ्याच्या तारा नीट लागल्या की कुणी न छेडलेला स्वयंभू गंधार त्यातून आपोआप कसा बोलतो, सूर एकमेकांत चपखल बसले की त्यांच्या पोटातले बारीक सूर जुळून मोठे कसे होतात, भाच्यानं काय लिहिलं होतं... पण गळ्यावर वस्तरा असताना शास्त्र सांगता येत नाही. आणि तोवर भाऊंची नजर आरशाच्या वर गेली होती. मामाजींच्या टॉर्चचा उजेड तसबिरीच्या काचेवर पडला होता.

"मामाजी," भाऊ अगदी हळू म्हणाले, "महाराज आले होते जी."

मी वाट पाहिली. गार्डसाहेबांनी वाट पाहिली. "...आले होते जी" कुठूनही आलं नाही. मामाजींनी टॉर्च तसबिरीवर नीट धरला, मफलर सैल केला आणि बराच विचार केला.

"असतीन," ते म्हणाले. "पन जरासे उतरले होते."